गावातल्या लॉन बॉल्स क्लबसाठी पैसे कसे उभे करायचे (गोव्यापुरतं)

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. डिचोली तालुक्यातलं गाव, वीसेक माणसं, त्यातले अर्धे रिटायर मास्तर आणि बाई, बाकी कॉलेजची पोरं. २०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाले तेव्हापासून लॉन बॉल्सचा (एका बाजूला वळणारे जड बॉल गवतावरून घरंगळवत छोट्या बॉलच्या जवळ न्यायचा खेळ) नाद लागलाय आणि आता गावात स्वतःचं ग्रीन, म्हणजे खेळायचं गवताचं मैदान, करायचंय, तर सरकार, कंपन्या, आमदार-खासदार यांच्याकडून फंड कसा काढायचा. मी फोंड्याकडे बरीच वर्षं छोट्या क्लबांचे हिशोब, रजिस्ट्रेशन, ग्रँटचे कागद हेच बघतोय, त्यामुळे खेळाचं टेक्निक कोचला विचारा, पैशाचं मी सांगतो.

पहिलं म्हणजे ग्रीनसाठी पैसे मागू नका. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नको. पैसा मिळणारच नाही असं नाही, कधीकधी मिळतो, आणि मिळाला की खरी पंचाईत सुरू होते. नियमात बसणारं ग्रीन म्हणजे खेळायच्या दिशेने ३१ ते ४० मीटर लांब, एकदम सपाट, भोवती डिच (चर) आणि बँक (बांध), खाली पाणी निघून जायची सोय. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, खाली चिऱ्याची जमीन, आणि बेससाठी जी रेती लागते तिचे गोव्यात काय हाल आहेत ते घर बांधलेल्या कोणालाही विचारा. गवत अगदी काही मिलिमीटरवर ठेवावं लागतं, ते साध्या ग्रास कटरने होत नाही, सिलिंडर मोवर लागतो, रोलर लागतो, मे महिन्यात पाण्याचे टँकर लागतात आणि जुलैत बुरशी लागते. उद्घाटनाची फीत कापायला पैसे देणारे दहा जण भेटतील, गवत कापायला महिन्याच्या महिन्याला पैसे देणारा एकसुद्धा भेटणार नाही. क्लब बंद पडतात ते इथे. म्हणून माझा हिशोब सरळ आहे, रोजचा खर्च गावातून निघाला पाहिजे आणि बाहेरून मागायचं ते फक्त एकदाच लागणारं सामान. हे उलटं केलं, म्हणजे ग्रँटवर रोजचा खर्च चालवला, की ग्रँट थांबली त्या दिवशी कुलूप.

मग सुरुवात कशाने करायची तर शॉर्ट मॅटने. हा बॉल्सचाच इनडोअर भाऊ, मॅट ४० ते ४५ फूट लांब आणि ६ फूट रुंद, मध्ये एक लाकडी ब्लॉक ठेवतात म्हणजे कोणी सरळ जोरात मारून मोकळा होत नाही, बॉल वळवूनच न्यावा लागतो. पंचायतीचा हॉल, शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, कुठेही अंथरता येते, संपलं की गुंडाळून स्टेजमागे. पावसाळ्यातही चालते. आणि सामान लोक समजतात त्यापेक्षा कमी लागतं. फोर्समध्ये, म्हणजे चौघांच्या टीमच्या प्रकारात, प्रत्येक खेळाडूकडे दोनच बॉल असतात, म्हणजे चार-चारच्या दोन टीमना मिळून सोळा बॉल, म्हणजे चार सेट. चार सेटमध्ये आठ जणांची आख्खी मॅच होते, दोन टीमना वेगळ्या रंगाचे स्टिकर लावले की झालं. फक्त सगळे एकाच साइझचे घेऊ नका, बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातात मोठा बॉल बसत नाही मग ते आठ दिवसांत यायचे बंद होतात.

आता रोजच्या खर्चाचं. समजा २४ मेंबर आणि महिन्याला १५० रुपये वर्गणी, तर वर्षाचे ४३,२०० झाले. त्यात हॉलची लाइट, झाडलोट, चहा, वर्षाअखेर ऑडिटची फी आणि एखादी छोटी गावपातळीची टुर्नामेंट बसते. ग्रीनचं मेंटेनन्स त्यात बसत नाही, म्हणूनच म्हटलं आधी मॅट. विद्यार्थ्यांना वर्गणी अर्धी करा पण माफ करू नका, अगदीच जमत नसेल तर पाच-दहा रुपये का असेना, कारण वर्गणीच्या पावतीबुकात ज्याचं नाव आहे तो तुमचा मेंबर आणि हे पावतीबुक पुढे प्रत्येक टेबलावर दाखवायचंय. सोबत हजेरीचं रजिस्टर ठेवा, साधी लाँगबुक, तारीख, नाव, वय, सही. दीड वर्षाचं भरलेलं हजेरी रजिस्टर मी एका कंपनीच्या ऑफिसात टेबलावर ठेवलं होतं, त्या ऑफिसरने आमचं रंगीत प्रेझेंटेशन बाजूला सारलं आणि रजिस्टरच चाळत बसला, मध्येच थांबून विचारतो ह्या ७१ वर्षांच्या बाई अजून येतात का. येतात म्हटलं, आणि येताना सुनेला पण घेऊन येतात. तिथून पुढे बोलणं सोपं झालं.

कागद. सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १८६० खाली संस्था नोंदवा, किमान सात जण लागतात. उद्देशांत ‘मेंबरांचं मनोरंजन’ एवढंच लिहून ठेवू नका, बरेच क्लब हे करतात कारण झेरॉक्सवाल्याकडे जो जुना ड्राफ्ट असतो त्यात तसंच असतं. खेळाचा प्रसार, मोफत किंवा अल्प फीत प्रशिक्षण, आणि सर्व जाती-धर्म-वयाच्या लोकांना खुलं, असं स्पष्ट पाहिजे. कारण पुढे इन्कम टॅक्सकडे १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला सवलत) मागायला जाल तेव्हा ते बघतात की ही संस्था लोकांसाठी आहे की चार मित्रांचा क्लब. खेळाचा प्रसार हे धर्मादाय काम धरता येतं असं सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) १९८४ चं सर्क्युलर आहे, नंबर ३९५, तुमच्या सीएला ते माहीत नसेल तर सांगा. दरवर्षी एजीएम झाली की चौदा दिवसांच्या आत कमिटीची यादी रजिस्ट्रारकडे द्यायची, हे राहून जातं आणि मग तीन वर्षांनी ग्रँटच्या वेळी धावपळ. पॅन संस्थेच्या नावावर, बँक खातं दोन सह्यांचं. सेक्रेटरीच्या स्वतःच्या गुगल पेवर वर्गणी घेणं पहिल्या दिवसापासून बंद, नंतर कितीही प्रामाणिक हिशोब दिला तरी गावात चर्चा होतेच.

८०जी बद्दल जरा जास्त अपेक्षा असते लोकांची. कॅशमध्ये २००० च्या वर घेतलेल्या देणगीवर देणाऱ्याला सवलत मिळत नाही, आणि आता पगारदार माणसं बहुतेक नव्या टॅक्स रेजिममध्ये आहेत, त्यांना ८०जी ची सूटच नाही, त्यामुळे गावच्या मास्तरांना ‘टॅक्स वाचेल’ म्हणून पटवायला जाऊ नका, ते तुमच्यापेक्षा हुशार आहेत. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात, जो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, कलमांचे नंबर बदलले आहेत, बोलण्यात मात्र अजून सगळे ८०जीच म्हणतात.) ८०जी खरं लागतं ते कंपन्यांसाठी.

तर कंपन्या. सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं कंपनीकडे एक पेटी आहे आणि ती उघडायची आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा टर्नओव्हर १००० कोटी, किंवा नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. कशावर करायचे ते शेड्यूल सातमध्ये आहे, त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यतेचे खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या ‘प्रशिक्षणा’साठी खर्च चालतो. प्रशिक्षण हा शब्द धरून बसा. प्रपोझल ‘क्लबला मदत’ असं नको, ‘तीन शाळांतल्या मुलांना आणि गावातल्या ज्येष्ठांना वर्षभर लॉन बॉल्स प्रशिक्षण’ असं पाहिजे, मग मॅट आणि बॉल हे त्या प्रशिक्षणाचं साहित्य म्हणून येतात. आणि लॉन बॉल्स ऑलिम्पिकमध्ये नाही, तेव्हा अर्जात उगाच ऑलिम्पिक खेळ लिहू नका, कॉमनवेल्थचा खेळ म्हणून लिहा. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या बायकांनी फोर्समध्ये साउथ आफ्रिकेला १७-१० हरवून गोल्ड आणलं, त्या टीममध्ये झारखंड पोलिसातली कॉन्स्टेबल होती, शाळेतली पीटी टीचर होती, हे दोन ओळींत घाला, कारण समोरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की हा मॉलमधला खेळ ना, म्हणजे टेनपिन बोलिंग. टेनपिनची फेडरेशन वेगळी, आपली बोलिंग फेडरेशन ऑफ इंडिया वेगळी, पत्रावर कुठली ते नीट लिहा.

अडचण अशी की सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेकडे १२एबी, ८०जी, सीएसआर-१ (कंपनी मंत्रालयाकडची) नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे आज रजिस्टर झालेला क्लब थेट घेऊ शकत नाही. दोन वाटा आहेत, एक म्हणजे ज्या ट्रस्टकडे किंवा संस्थेकडे हे सगळं आहे तिच्यामार्फत घ्यायचा आणि लेखी करार करायचा की साहित्य कोणाच्या ताब्यात राहणार, दुसरी म्हणजे कंपनीने स्वतःच थेट प्रोजेक्ट करायचा आणि सामान विकत घेऊन शाळेला किंवा पंचायतीला द्यायचं, तुम्ही फक्त चालवायचं. दुसरी वाट मला छोट्या गावांसाठी जास्त आवडते. मान थोडा कमी मिळतो पण पैशाला हात लागत नाही त्यामुळे भांडणंही होत नाहीत.

आणि कृपा करून सीएसआरच्या पत्रात ‘तुमच्या कंपनीचा बॅनर लावू’ लिहू नका. मार्केटिंगचा फायदा मिळवायला दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये मोजता येत नाही, त्या एका ओळीमुळे त्यांचा अकाउंट्सवाला फाइल परत करतो. बॅनर पाहिजे असेल तर त्याच कंपनीच्या मार्केटिंगवाल्याकडे वेगळं पत्र, वेगळी रक्कम, टुर्नामेंटपुरतं. गावचं हार्डवेअर, फार्मसी, बारवाला, क्रेडिट सोसायटी हे सगळे या दुसऱ्या खात्यातले. कॅसिनोवाले पण देतात, घ्यायचं की नाही ते तुमच्या कमिटीने ठरवायचं, मी एवढंच सांगेन की शाळेतली पोरं त्या टी-शर्टवर फोटोत येणार आहेत आणि त्यांच्या आया फोटो बघणार आहेत.

कुठल्या कंपन्या गाठायच्या तर जवळच्या. डिचोलीवाल्यांनी पिसुर्ले, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटी, मयें-डिचोली भागातल्या खाणवाल्या असं बघावं, वेर्ण्यापर्यंत पळत जायची गरज नाही, कारण कंपन्यांनाही आपल्या आसपासचं गाव दाखवायचं असतं, कायद्यातही स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय. ऑफिसात भेटून झालं की त्यांना हॉलवर बोलवा. बूट काढायला सांगा किंवा सपाट सोलचे घालून यायला सांगा, मॅटवर हील चालत नाही. हातात बॉल द्या आणि काही समजावू नका. पहिला बॉल ते सरळ टाकतात, तो मध्येच वाकडा होऊन भलतीकडे जातो, मग ते बॉलकडे बघतात, एका बाजूला छोटं वर्तुळ आणि दुसऱ्या बाजूला मोठं, तुम्ही सांगायचं छोटं ज्या बाजूला तिकडे वळणार. दुसरा ते मागतातच. तिसऱ्या बॉलला समोर आपल्या सत्तरीच्या बाईंना उभं करा आणि हरू द्या कंपनीवाल्यांना.

सरकारी बाजू. खेळ हा राज्याचा विषय, आणि गोव्यात क्रीडा खातं आणि स्पोर्ट्स अथॉरिटी दोन्ही आहेत. तिथे एकट्या गावच्या क्लबचा अर्ज हलत नाही, राज्य संघटनेकडून आलेला हलतो, म्हणून लॉन बॉल्सच्या राज्य संघटनेचं अफिलिएशन आधी मागा आणि पत्रावर तो नंबर छापा. त्यांच्याकडून पैशापेक्षा कोच, रेफ्री कोर्स आणि निवड चाचणीची माहिती मागा, ते लवकर मिळतं. खासदार निधीतून टिकाऊ सार्वजनिक कामं होतात, म्हणजे हॉलचं छप्पर, फ्लोअरिंग, टॉयलेट. हॉल पंचायतीचा असेल तर ते काम पंचायतीच्या नावाने मागा, श्रेय सरपंचाला जाऊ द्या, तुम्हाला छप्पर मिळतंय ना.

पंचायतीचा ठराव मात्र पाहिजेच, हॉल आठवड्यातून किती संध्याकाळ आणि किती भाड्याने. तोंडी ‘चलता रे’ वर राहू नका, पुढच्या निवडणुकीत पंच बदलले की हॉलची चावी पण बदलते. ग्रामसभेत विषय आला की कोणीतरी उठणारच, ‘पयलीं आमचें गटार सारकें करात, मागीर खेळ’. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं गटार खरंच तुंबलेलं असतं. पंचायतीकडे पैसे मागतच नाही, फक्त हॉल मागतो आणि लाइटचं बिल आम्ही भरतो, हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि ते पोरांनी न बोलता गावात ज्यांनी चाळीस वर्षं शिकवलं त्या बाईंनी उभं राहून बोलावं, अर्धे पंच त्यांच्याच हाताखालचे असतात.

जमिनीचं आत्तापासून बघून ठेवा, कारण ग्रीनची वेळ येईल तेव्हा हाच भाग सगळ्यात जास्त खातो. फुटबॉलच्या मैदानावर डोळा ठेवू नका, दोन्ही खेळ एका जागेवर होत नाहीत आणि गावात वैर घेऊन क्लब चालत नाही. आख्खं ग्रीन नको, दोन रिंकची पट्टी धरा, एक रिंक ४.३ ते ५.८ मीटर रुंद, म्हणजे साधारण ३५ मीटर बाय १० मीटर आणि कडेची जागा. कोमुनिदादची (गावकारांच्या जुन्या सामाईक संस्थेची) जागा असेल तर गावकारांची सभा आणि वरच्या मंजुऱ्या, देवस्थानची असेल तर महाजनांचा (देवस्थानच्या हक्कदार सभासदांचा) ठराव. एखादा भाटकार (जमीनमालक) ‘वापरा हो माझी जागा’ म्हणतो, चांगला माणूस असतो, पण एक-चौदाचा उतारा (आपला सातबारा) काढा आणि कुळाचं नाव आहे का ते बघा. भातशेती असेल तर विषयच सोडा, शेतजमीन फिरवण्याबाबत गोव्याचे कायदे कडक आहेत. झोन सेटलमेंट (वस्तीचा) नसेल तर सनद, म्हणजे जमीन फिरवायची परवानगी, मिळवण्यात पोरं म्हातारी होतील. निदान दहा-पंधरा वर्षांचं लेखी लीज नसेल तर त्या जागेत एक पैसा घालू नका, कोणाचाच.

आता एक खास आपल्या गोव्याची गोष्ट, जी बाहेरचे सीए सांगत नाहीत. गावातली माणसं गल्फमध्ये आणि इंग्लंडात, आणि ती मनाने देतात. गल्फमधला इंडियन पासपोर्टवाला एनआरआय बँकेतून पैसे पाठवतो ते चालतं. पण इंग्लंडात स्विंडनला गेलेल्यांपैकी खूप जणांनी पोर्तुगीज पासपोर्ट केलाय, ते कायद्याने परदेशी नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी, आणि त्यांनी संस्थेला दिलेला रुपया एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांचा कायदा) परदेशी देणगी होतो. त्याला वेगळी नोंदणी लागते, दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रांचमध्ये खातं लागतं, छोट्या क्लबाच्या आवाक्यातलं नाही ते. वस्तूंनाही तोच कायदा, म्हणजे तिकडच्या एखाद्या बोलिंग क्लबने जुने बॉल संस्थेला भेट दिले तरी प्रश्न आहेच. त्यापेक्षा तुमच्यातल्या इंडियन पासपोर्टवाल्या मेंबराने स्वतःच्या पैशाने तिकडे सेकंडहँड सेट घ्यावा, कस्टमचे नियम बघून आणावा. इंग्लंडात जुने सेट भरपूर मिळतात. एक बॉल दीड किलोपर्यंत, चारचा सेट पाच-सहा किलो, बॅगेत चोरीस-पापलेटच्या जागी बसतो.

कूपनं. चवथीत गणपती मंडळं काढतात तशी पहिलं बक्षीस स्कूटर वाली कूपनं काढून पैसे उभे करू असं कोणीतरी सुचवेलच. परवानगीशिवाय लॉटरी काढणं गुन्हा आहे हे एक, आणि दुसरं म्हणजे तो पैसा देणगी नाही, त्यावर ८०जी ची पावती फाडता येत नाही, आणि तीन वर्षांनी सीएसआरवाले ऑडिट रिपोर्ट मागतील तेव्हा उत्पन्नात ‘कूपन विक्री’ दिसेल. एक जेवणाचा कार्यक्रम करा त्यापेक्षा, तिकीट लावून, शाकुती-वडे, बिलं ठेवून. फक्त अशा व्यवहाराच्या जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाऊ देऊ नका, १२एबी वाल्या संस्थेला त्याची मर्यादा आहे, सीएला विचारून घ्या.

वेळेचं गणित शेवटी सांगतो कारण सगळे इथे चुकतात. कंपन्यांचं सीएसआरचं वर्ष एप्रिल ते मार्च, मोठे प्रोजेक्ट एप्रिल-मेमध्येच ठरतात, तिथे तुमचा नंबर लागणार नाही. पण डिसेंबर उजाडला की काहींचा पैसा शिल्लक दिसतो, आणि खर्च न झालेला पैसा कायद्याने ठरलेल्या फंडात जमा करायला लागतो, जे कुठल्याच कंपनीला आवडत नाही. तेव्हा त्यांना छोटा, तयार, दोन महिन्यांत संपणारा प्रोजेक्ट पाहिजे असतो. दोन मॅट, चार सेट, एका कोचचं मानधन आणि तीन शाळांची संमतीपत्रं, सामानाची तीन ठिकाणची कोटेशन्स जोडून, एकूण चार पानांत, ही फाइल नोव्हेंबरअखेर तयार करून ठेवा आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. शाळांची संमतीपत्रं गणपतीच्या सुटीआधीच घ्या, नंतर हेडमास्तर परीक्षांत अडकतात.